उरलेलं कुठं जातं?

ताईनं हा प्रश्न विचारला तेव्हा मी गवती चहाची पाती कात्रीनं कापत होते. जून संपत आला होता, बाहेर पावसाची भुरभुर होती आणि ती सकाळची ड्युटी उरकून नुकतीच घरी आली होती. चपला दाराशी, पिशवी दाराशी, मग थेट बाथरूममध्ये जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे आणि त्यानंतरच ओट्यापाशी यायचं, हा तिचा शिरस्ता. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ती परिचारिका आहे, आणि गेली अकरा वर्षं केमोच्या वॉर्डात.

मी त्या दिवशी भलतीच खुशीत होते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदाच मी बनवलेले सोन्याचे कण उंदराच्या कॅन्सरच्या गाठीत सापडले होते. ते कुणाला तरी सांगायचंच होतं. "म्हणजे बघ ताई, औषध कणावर बसवायचं, कण रक्तात सोडायचा, तो थेट गाठीत जाऊन बसतो. बाकीच्या शरीराला त्रास नाही."

आधण ठेवता ठेवता ती म्हणाली, "थेट? सगळंच्या सगळं?"

"सगळं नाही गं. पण बरंच."

"मग उरलेलं कुठं जातं?"

यकृतात जातं, प्लीहेत जातं, असं काहीतरी मी सांगितलं. उत्तर चूक नव्हतं. पण 'बरंच' हा शब्द खोटा होता, आणि तो मी माझ्या सख्ख्या बहिणीला ऐकवला होता, जी रोज वीस-पंचवीस माणसांच्या शिरांमध्ये हीच औषधं सोडते. चहा उकळला, गाळला, आम्ही प्यायलो, ती झोपायला गेली. प्रश्न मात्र ओट्यावर तसाच राहिला.

गवती चहावरून आठवलं म्हणून सांगते. २००४ साली पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याच गवती चहाच्या पात्यांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला आणि त्यातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण तयार झाले. 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात ते काम छापून आलं. त्याआधी तिथल्याच मंडळींनी बुरशीकडून चांदीचे नॅनोकण बनवून घेतले होते. मी तिथं काम करत नाही, पण या विषयाकडे वळले ती त्या त्रिकोणांचा फोटो पाहून. आमच्या घरी कुंडीत लावलेलं, सर्दी झाली की उपटायचं एवढीच ओळख असलेलं गवत, आणि त्याच्या रसात सोन्याचे इतके रेखीव त्रिकोण! हे आपल्या पाषाणात झालंय याचा मला आजही अभिमान वाटतो.

मी ज्या पद्धतीनं कण बनवते ती साधी आणि जुनी आहे, १९५१ सालची. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं. पिवळा रंग उडतो, क्षणभर पाणी नितळ होतं, मग करडं, मग जांभळट काळं, आणि काही मिनिटांत डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. सोनं पिवळं दिसतं ते आपण त्याचा मोठा तुकडा बघतो म्हणून. तेच सोनं पंधरा-वीस नॅनोमीटरच्या कणांत वाटलं की प्रकाशाशी त्याचं वागणं बदलतं आणि ते लाल दिसतं. मायकेल फॅरेडेनं १८५७ मध्ये हे पाहिलं आणि कारणही बरोबर हेरलं होतं, की हे सोनंच आहे, फक्त फार बारीक झालेलं. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. त्या हिशेबानं माझे पाच-सहा हजार कण एका केसाच्या रुंदीत ओळीनं मावतील.

इतका बारीक कण कॅन्सरसाठी कशाला? १९८६ मध्ये जपानच्या कुमामोतो विद्यापीठात मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं, की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत बांधलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात, आणि आत शिरलेलं वाहून नेणारी निचऱ्याची व्यवस्थाही धड नसते. निरोगी वाहिनीतून जे बाहेर पडत नाही ते गाठीपाशी झिरपतं आणि तिथंच साचतं. म्हणजे औषध फटीच्या मापाच्या कणात भरलं तर ते आपसूक गाठीत जमा होईल. कल्पना इतकी देखणी की पुढची तीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यामागे धावल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या औषधाला मान्यता मिळाली. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनंच औषध, फक्त चरबीच्या सुमारे शंभर नॅनोमीटरच्या फुग्यात भरलेलं.

आणि मग २०१६ मध्ये एक हिशेब मांडला गेला. दहा वर्षांत प्राण्यांवर जेवढे असे प्रयोग छापून आले ते सगळे गोळा करून टोरांटोच्या एका गटानं पाहिलं, की टोचलेल्या कणांपैकी खरोखर गाठीत किती पोचले. मधली किंमत निघाली ०.७ टक्के. शंभरातला एकही पुरता नाही.

हा आकडा मला ठाऊक होता. आमच्या शाखेत तो सगळ्यांना ठाऊक असतो. सेमिनारमध्ये पहिल्या दोन स्लाइडमध्ये तो दाखवून आपण पुढं जातो. पण ताईच्या प्रश्नानंतर मी उरलेल्या ९९.३ कडे पहिल्यांदा नीट बघायला लागले.

त्याची वाट अशी असते. कण रक्तात पडल्या पडल्या त्याच्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात. आम्ही प्रयोगशाळेत मन लावून घडवलेला पृष्ठभाग या थराखाली गडप होतो. तो थर पाहून यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी कणाला परका म्हणून ओळखतात आणि गिळतात. साडेपाच नॅनोमीटरपेक्षा बारीक असेल तर तो मूत्रपिंडातून गाळून जाऊ शकतो. मोठा असेल तर यकृतात मुक्काम. उंदरांच्या यकृतात सोन्याचे कण सहा-सहा महिने राहिलेले दिसले आहेत. सोनं पचत नाही, कुजत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणूनच तर त्याला जपलं.

डॉक्सिलचं उरलेलं कुठं जातं, हे मला ताईनं सांगितलं. ते तळहातांत उतरतं. साधं डॉक्सोरुबिसिन हृदयाला अपाय करतं. फुग्यात भरल्यावर हृदय बरंचसं वाचतं, पण हात-पायांच्या तळव्यांना आग सुटते, सालपटं निघतात. "माझ्याकडे एक काकू होत्या," ताई म्हणाली, "भाकरी थापता येईना म्हणून रडायच्या. केस गेले तेव्हा रडल्या नव्हत्या." मग त्यांना ताई काय करायला सांगते? गरम पाण्यात हात घालायचे नाहीत, घट्ट चपला नकोत, धुणं पिळायचं नाही, मलम चोळायचं नाही तर अलगद टेकवत लावायचं. पंचवीस वर्षांचं नॅनोविज्ञान या चार सूचनांपाशी येऊन थांबतं, आणि त्या सूचना कुणीतरी बसून, समजेल अशा मराठीत, रोज नव्यानं सांगायच्या असतात.

साधं डॉक्सोरुबिसिन लाल असतं. वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध' म्हणतात. एकदा मी ताईचा डबा द्यायला गेले होते तेव्हा काचेतून पाहिलं. एका आजोबांचा हात तिनं गरम टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला होता, कारण सहा केमोनंतर शिरा सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. टॉवेल काढला, दोन बोटांनी मनगटापासून वर चाचपत गेली. डोळे हातावर नव्हते, समोर भिंतीकडे होते. एका जागी बोटं थांबली. "मूठ वळा, आजोबा." सुई गेली. मग तिनं लगेच औषध जोडलं नाही. सिरिंज मागं ओढून रक्त परत येतंय ना हे पाहिलं, सलाईन सोडून जागा फुगत नाही ना हे पाहिलं, आणि मगच लाल सिरिंज लावून अगदी हळू, चालत्या सलाईनसोबत दाबत राहिली. मधेच थांबून पुन्हा मागं ओढलं, पुन्हा पाहिलं. कारण हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं, कधी कधी हाडापर्यंत. दहा-बारा मिनिटं ती त्या एका हातावर वाकून होती. माझ्या प्रयोगात मी याच औषधाचे थेंब पिपेटनं सोन्याच्या कणांवर सोडते. दोघींच्या हातात लालच असतं.

उरलेल्याचा प्रवास इथं संपत नाही. केमो घेतलेल्या माणसाच्या लघवीतून, घामातून, ओकारीतून औषध बाहेर पडत राहतं, म्हणून पुढचे अठ्ठेचाळीस तास बेडपॅन, चादरी, उलटीचं भांडं हाताळताना हातमोजे आणि एप्रन लागतात. हे काम कोण करतं? वॉर्डातल्या मावशी करतात. १९७९ साली फिनलंडच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं, की केमोची औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांमध्ये बदल घडवणारे पदार्थ सापडतात. स्वतः रोगी नसलेल्या, फक्त औषध तयार करून देणाऱ्या बायका. त्यानंतर हवेचा झोत आत खेचणाऱ्या कपाटात औषध कालवायचं, दुहेरी हातमोजे घालायचे, सिरिंजमधून वाफ बाहेर येणार नाही अशी बंद जोडणी वापरायची, हे नियम जगभर आले. ताई या वॉर्डात आली तेव्हा सुरुवातीला खिडकी उघडून, साध्या टेबलावर औषधं काढत असत. ते तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज सरळ होता, माझा नव्हता. आज तिच्याकडे कपाट आहे. पण गर्दीच्या दिवशी हातमोज्यांचा दुसरा जोड घालायला लागणारा अर्धा मिनिटसुद्धा ओढून काढावा लागतो. आणि मावशींना अठ्ठेचाळीस तासांचा नियम कुणी समजावून सांगितला होता? ताईनंच, तिच्या जेवणाच्या सुट्टीत.

मधल्या काळात आमच्या शास्त्रात एक मोठं वळण आलं, आणि त्यानं 'उरलेलं' या शब्दाचा अर्थच बदलला.

कॅन्सरच्या पेशीला बाहेरून मारण्याऐवजी शरीराच्या संरक्षक पेशींनाच तिच्यावर सोडायचं, ही इम्युनोथेरपीची कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली १८९१ मध्ये रोग्यांना मुद्दाम जिवाणू टोचत होते. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे बीसीजी. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर जो खड्डा आहे तो ज्या लशीचा, तीच लस मूत्राशयात सोडली तर तिथला वरवरचा कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी होतं, हे १९७६ मध्ये कॅनडात दिसलं आणि आजही ती वापरतात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बीसीजी बनते. क्षयासाठी घडवलेली लस कॅन्सरवर चालते, कारण तिचा मारा कॅन्सरवर नसतोच. ती झोपलेल्या रखवालदाराला हाका मारते.

पुढं क्योतोच्या तासुकू होन्जो यांनी १९९२ मध्ये पीडी-१ हे प्रथिन शोधलं आणि अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन यांनी सीटीएलए-४ वर काम केलं. दोन्ही प्रथिनं म्हणजे आपल्या टी-पेशींना, शरीराच्या लढणाऱ्या संरक्षक पेशींना, लागलेले ब्रेक. ब्रेक असायलाच हवेत, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर उठतील. कॅन्सर ते ब्रेक दाबून ठेवायला शिकतो. ब्रेकवरचा पाय काढणारी औषधं आली आणि २०१८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नॅनोकणांवाल्यांना यातून नवी दिशा सापडली. कण प्लीहेत आणि लसीकाग्रंथींत जाऊन अडकतो, हे आम्ही इतकी वर्षं अपयश म्हणून मांडत होतो. पण टी-पेशींना शत्रूचा चेहरा दाखवून तयार केलं जातं ते नेमकं तिथंच! मग कणाला गाठीत ढकलण्याचा अट्टहास कशाला, त्याला प्लीहेतच जाऊ द्या आणि त्याच्यासोबत कॅन्सरचं ओळखपत्र पाठवा. २०१६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी चरबीच्या कणांत आरएनए, म्हणजे पेशीला कॅन्सरचं प्रथिन बनवून दाखवायची सूचना, भरून बरोबर हेच केलं. कोविडच्या एमआरएनए लशीही चरबीच्या नॅनोकणांतूनच आल्या. आपल्या हिंजवडीतल्या जेनोव्हानं बनवलेल्या जेमकोव्हॅक-१९ ला जून २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि ती साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत राहणारी होती. ज्या देशात लस डोंगरापलीकडच्या उपकेंद्रात न्यायची असते तिथं हे किती मोठं काम आहे, ते उणे सत्तर अंशांचा फ्रीज सांभाळणारी माझ्यासारखी बाई जाणते.

ताईला मी हे सगळं सांगितलं. तिला आवडलं. मग म्हणाली, "आमच्याकडे इम्युनोथेरपी घेणारे किती येतात, माहितीये? बोटांवर मोजण्याइतके. डॉक्टर नाव सांगतात, नातेवाईक किंमत विचारतात, आणि मग सगळे माझ्याकडे बघतात."

म्हणून मला टाटा मेमोरियलचं २०२२ मधलं काम इतर कुठल्याही चकचकीत शोधापेक्षा मोठं वाटतं. डोक्या-मानेचा बळावलेला कॅन्सर, म्हणजे आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्रीनं होतो तो. निवोलुमॅब हे ब्रेक काढणारं औषध साठ किलोच्या माणसाला वजनाच्या हिशेबानं एका वेळी १८० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी देतात. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलं फक्त २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, स्वस्त गोळ्यांच्या जोडीनं. १५१ रोगी होते. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगले १६.३ टक्के, औषधाची ही चिमूट मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. ज्यांना पूर्ण मात्रा परवडणार नाही त्यांच्यासाठी काय करता येईल, हा प्रश्न कुणीतरी शास्त्र म्हणून हाती घेतला. ताईनं हे आकडे तिच्या डायरीत लिहून घेतले.

टी-पेशींच्या शास्त्रात 'एक्झॉशन' असा शब्द आहे. थकवा. शत्रू आठवड्याभरात हटला तर टी-पेशी लढतात, जिंकतात, थोड्या मागं राहून आठवण जपतात. पण शत्रू हटलाच नाही, रोज, महिनोन्‌महिने समोर उभा राहिला, तर पेशी मरत नाही. ती जागेवर असते. शत्रूला ओळखतेही. फक्त तिच्या हातून मारणं होत नाही, आणि तिच्या अंगावर ब्रेकच ब्रेक उगवलेले असतात. हे आधी उंदरांतल्या चिवट विषाणूसंसर्गात दिसलं. २००६ मध्ये अमेरिकेतले प्रतिकारशास्त्रज्ञ रफी अहमद यांच्या गटानं दाखवलं, की पीडी-१ अडवला तर थकलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात. आनंदीआनंद झाला. मग पुढच्या दहा वर्षांत हळूहळू कळलं, की सगळ्या नाही. थकव्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावरच्या पेशी उठतात. फार पुढं गेलेल्यांच्या जनुकांच्या घड्याच कायमच्या बदललेल्या असतात, आणि शत्रू तसाच समोर असेल तर उठलेल्याही पुन्हा खाली बसतात.

हे वाचताना मला ताई आठवली. आठवणारच. तरी पेशी आणि माणूस यांची सांगड घालताना माझा हात अडखळतो. पेशीला पोरंबाळं नसतात, तिला रजा नाकारली जात नाही, तिला उलट बोलता येत नाही. पण एक गोष्ट मला त्या उंदरांच्या प्रयोगांनी शिकवली. प्रतिकारशास्त्रज्ञ थकलेल्या पेशीकडे बघून ती कमजोर होती का, असं विचारत नाहीत. समोर काय होतं आणि किती दिवस होतं, हे विचारतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली तीही अशीच आहे. त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला, दीर्घकाळचा ताण, आणि त्यातून येणाऱ्या तीन गोष्टी: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरी गोष्ट मी घरात पाहिली. एका वर्षी, सलग सात-आठ महिने, ताई रोग्यांना बेड नंबरनं आठवायला लागली होती. "आज चार नंबर गेला." जी बाई आजोबांच्या नातवाच्या मुंजीची तारीख लक्षात ठेवायची ती. मी काही बोलले नाही, आणि ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

त्याच वर्षी १२ मेला, परिचारिका दिनी, तिच्या रुग्णालयानं ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची. ताईची रात्रपाळी सकाळी सातला संपली होती, व्याख्यान दहाला होतं. ती तीन तास चेंजिंग रूममधल्या बाकावर बसून राहिली, मग दीड तास दीर्घ श्वसन शिकली, गुलाबाचं फूल घेतलं आणि दुपारी एकला घरी आली. दुसऱ्या रात्री पुन्हा ड्युटी. आयोजकांचा हेतू वाईट नव्हता, हे मला मान्य आहे. श्वसनही वाईट नाही. पण त्या महिन्यात तिच्या पाळीत दोन जागा रिकाम्या होत्या, आणि त्या भरण्याबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. शत्रू समोर तसाच ठेवून नुसता ब्रेकवरचा पाय काढला, म्हणजे काय होतं ते उंदरांनी आम्हाला दाखवून ठेवलंय.

डॉक्टरांचं तरी कुठं वेगळं आहे? निवासी डॉक्टरांनी दिवसाला सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी करू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ मध्येच लिहून ठेवलंय. ताईच्या वॉर्डातला, माझ्याच वयाचा एक निवासी डॉक्टर छत्तीस तासांनंतर औषधाचा डोस लिहिताना शून्य एक जास्त लिहून गेला होता. ताईनं तो पाहिला, कागद घेऊन त्याच्याकडे गेली, "सर, हे एकदा बघता का?" एवढंच म्हणाली. त्यानं दुरुस्त केलं आणि तिथंच खुर्चीत डोकं धरून बसला. ताईनं त्याला मावशींकडून चहा मागवला. या प्रसंगाची कुठंही नोंद नाही. रोगी घरी गेला.

ताईला पुन्हा नावं आठवायला लागली ती रिकाम्या जागांपैकी एक भरल्यावर. एक नवी मुलगी आली, लातूरकडची, चटपटीत. जेवायला अर्धा तास मिळू लागला. महिन्याभरानं ताई घरी येऊन म्हणाली, "त्या भोरच्या आजींनी आज मला गूळ आणला." बेड नंबर सांगितला नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आले.

या पावसाळ्यात माझ्या पेपरचा मसुदा तयार झाला. त्यात एक आकृती असते, कण कुठं कुठं गेले याची. गाठ, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय, प्रत्येकाचा एक स्तंभ. प्रत्येक अवयव आम्लात विरघळवून त्यातलं सोनं मोजायचं. ताई चष्मा लावून बघत होती. स्तंभांवरून बोट फिरवत शेवटाला आली आणि थांबली.

"लघवीचा आणि शी-चा कुठाय?"

"तो नाही घेतला. सगळेच घेत नाहीत."

"त्यांचे पिंजरे कोण साफ करतं?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये गेले. तिथं जे मामा आहेत ते मी प्रयोग सुरू केल्यापासून माझ्या उंदरांचे पिंजरे धुतात, खालचा मक्याचा भुसा बदलतात. आम्ही रोज एकमेकांना नमस्कार करतो. मी विचारलं, "मामा, माझ्या पिंजऱ्यातला भुसा कुठं जातो?"

"सगळ्यांचा जातो तिकडंच, मॅडम. त्या पिवळ्या पिशवीत."

"काढताना हातमोजे?"

त्यांनी हात पुढं केला. पातळ हातमोजा होता, अंगठ्यापाशी फाटलेला. "तुमच्या कुठल्या पिंजऱ्यात औषध अन् कुठल्यात नुसतं सलाईन, ते आम्हाला कसं कळायचं? वर तर नंबरच असतात."

बरोबर होतं. नंबर मीच टाकले होते. कुठल्या उंदराला काय दिलंय ते मोजणाऱ्यालाही कळू नये म्हणून, शास्त्राच्या शिस्तीनं. त्या शिस्तीत मामांचा विचार मी केलाच नव्हता. आणि त्या कणांवर लाल औषधच होतं.

आम्ही दोघांनी उभ्या उभ्या ठरवलं, की माझ्या सगळ्याच पिंजऱ्यांना, सलाईनवाल्यांनासुद्धा, टोचल्यापासून तीन दिवस लाल चिकटपट्टी लावायची. म्हणजे नंबराचं गुपितही फुटत नाही. पट्टी असेपर्यंत जाड हातमोजे दोन जोड, तोंडाला मास्क, आणि भुसा वेगळ्या पिशवीत. त्यातला थोडा माझ्यासाठी डबीत काढून ठेवायचा, मोजायला. जाड हातमोज्यांची मागणी मी त्याच दुपारी लिहून सरांची सही घेतली.

संध्याकाळी ताईला फोन केला तेव्हा ती कर्वे रस्त्यावर बसमध्ये होती, मागं कंडक्टरचा आवाज येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामांच्या हाताचं माप घेतलंस का? मोठा हातमोजा निसटतो बघ."

घेतलं नव्हतं. उद्या घेईन म्हणाले.